प्रवेश मिळाला, विषय कोणी दिला?

१

दलितांच्या शिक्षणाचा इतिहास आजवर मुख्यतः दार उघडण्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या साली कोणत्या शाळेने अस्पृश्य मुलाला आत घेतले, कोणी विरोध केला, कोणत्या हुकुमाने तो विरोध मोडला, किती जागा राखून ठेवल्या, याच्या नोंदी आपण जपल्या आणि त्या जपायलाच हव्या होत्या. ज्यांना उंबरठाच नाकारला गेला होता त्यांच्या इतिहासाचे पहिले पान उंबरठ्याचेच असणार. परंतु उंबरठा ओलांडून आत आलेल्या मुलापुढे एक अर्ज ठेवला जातो. त्या अर्जावर नाव, जात, गाव, उत्पन्न यांच्या खाली विषयांचे रकाने असतात. ते रकाने कोण भरतो? मुलगा भरतो, की त्याच्या हातून दुसरेच कोणी भरते? या प्रश्नाचा इतिहास आपण अद्याप नीट लिहिलेला नाही.

मी एका ग्रामीण भागातील महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दरवर्षी जून-जुलैत प्रवेश समितीच्या टेबलामागे बसण्याचे काम माझ्याकडे येते. माझ्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. त्यामुळे विषयनिवड ही बाब मला केवळ कार्यालयीन वाटत नाही. वर्णव्यवस्थेने ज्ञानाची वाटणी केली होती. कोणी काय शिकावे, कोणी काय ऐकूसुद्धा नये, हे तिने ठरवून टाकले होते. ती वाटणी कायद्याने संपली. पण कायद्याने संपलेल्या गोष्टी व्यवहारात कोणकोणत्या रूपांनी शिल्लक राहतात, हे पाहायचे असेल तर प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे राहावे.

२

सुरुवात धारवाडपासून करू. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळा सरकारी खर्चाने चालणारी. तरीही मुंबई सरकारने त्याला प्रवेश दिला नाही. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडून जातील, हे कारण. हे प्रकरण कलकत्त्यापर्यंत आणि तेथून लंडनपर्यंत गेले. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले. पुढे १८८२ च्या हंटर आयोगानेही तेच तत्त्व पुन्हा मांडले. तत्त्व दोनदा सांगावे लागले, याचाच अर्थ ते पहिल्यांदा पाळले गेले नव्हते. याच हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. सरकारचा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्चशिक्षणाकडे वाहतो आणि तो पैसा ज्यांच्या घामातून येतो ती शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची मुले प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, हा त्या निवेदनाचा गाभा होता.

धारवाडची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. तिच्या शेजारची एक हकीकत मात्र आपण फारशी सांगत नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती या देशी भाषा पहिल्या काही वर्षांतच बाहेर काढल्या गेल्या आणि इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषांना स्थान मिळाले. देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. या नियमाकडे आपल्या बाजूने पाहा. ज्या घरात संस्कृतचे पाठांतर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या घरातील मुलाला विद्यापीठाने एक विषय जणू घरातूनच शिकवून पाठवला होता. ज्या घराला ती भाषा ऐकण्याचीही बंदी होती, त्या घरातील मुलाला तोच विषय दारातच अडवणारा ठरला. नियम एकच, सर्वांना सारखा. परंतु विषम समाजात सर्वांना सारखा नियम हा सर्वांना सारखा लागत नसतो.

भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच घडले. त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवण्यास शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. शाळेचे दार उघडे होते, बाकावर बसायला जागा होती, परीक्षेला बसण्याचा अधिकार होता; नाकारला गेला तो फक्त विषय. आणि त्या एका रकान्याची किंमत किती? १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा प्रश्न घेऊन बाबासाहेबांनी ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेत त्यांना संस्कृतवरील प्रभुत्वाच्या अभावाचा खुलासा करावा लागला. भाषांतरांच्या आधारे काम करणारा माणूस या विषयात बोलण्यास अपात्र ठरत नाही, असे त्यांना लिहावे लागले. चाळीस वर्षांपूर्वी एका मास्तराने अर्जावरील रकाना बंद केला होता. त्याचा जाब मात्र त्या मास्तराला न विचारता विद्यार्थ्याला विचारला जात होता. पुढे स्वतःच्या कष्टाने बाबासाहेबांनी संस्कृत आत्मसात केले, हे त्यांचे कर्तृत्व. परंतु अशा कर्तृत्वावर व्यवस्थेने हिशेब मांडू नये. शंभरातल्या नव्याण्णव मुलांच्या बाबतीत बंद झालेला रकाना जन्मभर बंदच राहतो.

महाविद्यालयीन शिक्षणाची त्या काळची स्थिती काय होती हे बाबासाहेबांनीच मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात आकड्यांनी मांडले. दोन लाख लोकसंख्येमागे महाविद्यालयात शिकणारे पुढारलेल्या हिंदूंत १,०००, मुसलमानांत ५२, मध्यम वर्गात १४, आणि मागासलेल्या वर्गात शून्य, किंवा फार तर एक. हा 'फार तर एक' विद्यार्थी वर्गात एकटा बसला असेल. कोणता विषय घ्यावा हे त्याने कोणाला विचारले असेल?

३

या प्रश्नाचे उत्तर एका विद्यार्थ्यापुरते तरी आपल्याला माहीत आहे. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज येऊन वाचत बसतो, हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या लक्षात आले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे पैशावाचून शिक्षण अडले तेव्हा त्याला सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळूसकर काही त्या मुलाच्या शाळेचे शिक्षक नव्हते. कोणत्याही कार्यालयाने त्यांना या कामावर नेमलेले नव्हते. आज विद्यापीठांच्या कागदपत्रांत 'शैक्षणिक सल्लागार', 'मेंटॉर' असे शब्द येतात. आपल्या इतिहासातील पहिला मोठा शैक्षणिक सल्लागार बागेतल्या बाकावर भेटला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९१३ साली परदेशी शिक्षणाची संधी आली. कोणते विषय शिकणार, असे महाराजांनी विचारले तेव्हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवहार, असे उत्तर बाबासाहेबांनी दिल्याचे चरित्रकार सांगतात. या उत्तराकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. अस्पृश्य विद्यार्थ्याला सत्तास्थानी असलेल्या माणसाने 'तुला काय शिकायचे आहे' असे विचारावे, आणि त्याच्यापाशी उत्तर तयार असावे! त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील नोंदींवरून अभ्यासकांनी दिलेली मोजदाद अशी: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यासक्रम प्रत्येकी १. एकूण ६०. तीन वर्षांत साठ!

ही यादी एका भुकेल्या माणसाची आहे, असे म्हणून आपण बहुधा थांबतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला एक संस्कृत नाकारली गेली त्याला येथे साठ रकाने भरू दिले गेले. 'तुझ्या जातीच्या मुलाला मानववंशशास्त्र कशाला' असे कोणी म्हटले नाही. त्याच चार अभ्यासक्रमांच्या बाजूने, प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरील निबंध वाचला गेला. जातीचे शास्त्रीय विश्लेषण करण्याची पहिली संधी जातिग्रस्त विद्यार्थ्याला मिळाली ती एका ऐच्छिक अभ्यासक्रमाच्या वर्गात. अर्थशास्त्रातील त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन सेलिग्मन. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. पुढे १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातील उत्तम मित्रांत ड्युई, शॉटवेल, सेलिग्मन आणि रॉबिन्सन या आपल्या प्राध्यापकांची गणना केली. मित्र हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत ही मोकळीक आपोआप आली नव्हती. हार्वर्डमध्ये १८६९ पासून अध्यक्ष असलेल्या चार्ल्स एलियट यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य देण्याची पद्धत रुजवली. आणि निवड आली तसा लवकरच तिच्या पाठोपाठ सल्लागारही आला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७० च्या दशकात प्राध्यापकांना विद्यार्थ्यांचे सल्लागार नेमण्याची पद्धत सुरू केली. हार्वर्डने १८८९ च्या सुमारास नव्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागारांचे मंडळ केले. तेथील शिक्षणव्यवस्थेला एक साधी गोष्ट अनुभवाने कळली होती: पर्याय वाढले की गोंधळ वाढतो, आणि गोंधळात ज्याच्या घरी सांगणारे असते तोच पुढे जातो. अमेरिकेतील काळ्या माणसाला ही दारे त्या काळात किती उघडी होती हा वेगळा आणि कटू प्रश्न आहे. कोलंबियाला मी स्वर्ग म्हणत नाही. निवड आणि सल्ला या दोन गोष्टी तेथे जोडीने आल्या, एवढेच मला नोंदवायचे आहे.

४

बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतःपुरता ठेवला नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात विषयाचा प्रश्न त्यांनी थेट हाताळला. कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण आपल्या मुलांना फार उपयोगी पडणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे प्रगत शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते खर्चिक असल्यामुळे सरकारने त्याचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस हे लिहीत होता. पदवीधर वाढवणे एवढेच त्यांचे उद्दिष्ट नव्हते. पदवीधर कोणत्या विषयातले, हा हिशेब त्यांनी तेव्हाच मांडला होता. यानंतर शिष्यवृत्त्यांसाठी वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. माझ्या पिढीतील बहुतेकांची पदवी या योजनेवर उभी आहे.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग भरत, कारण शिकणारी मुले दिवसा नोकरी करत. हे वेळापत्रक मला एखाद्या मोठ्या तत्त्वज्ञानाइतके मोलाचे वाटते. आधी विद्यार्थी कसा जगतो ते पाहायचे आणि मग तास लावायचे, ही त्यामागची दृष्टी. उलट्या बाजूने विचार करून पाहा. तास आधी ठरतात आणि मुलाने आपले जगणे त्यांत बसवावे अशी अपेक्षा असते, ही आपल्या आजच्या बहुतेक महाविद्यालयांची रीत.

१९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय निघाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे. मराठवाड्यातील दलित मुलापुढे जात, दारिद्र्य, अंतर आणि परकी शिक्षणभाषा अशी चौपदरी भिंत होती. मिलिंदने आणि त्याच्या भोवतालच्या वसतिगृहांनी ती भिंत फोडली. येथे मुलाला विषय कोण सांगत असे? प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक तर होतेच. परंतु मिलिंदच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. खोलीतला वरच्या वर्गातील मुलगा. 'तू हे घे, ते सोड, या सरांच्या तासाला बस, हे पुस्तक ग्रंथालयातून काढ.' वसतिगृह हे आपले खरे सल्लागार कार्यालय होते.

वसतिगृहांची ही परंपरा मिलिंदहून जुनी आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जातवार वसतिगृहे उभी केली. १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ पासून साताऱ्याला वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसवली. या साऱ्यांनी मुलांना भाकरी आणि छप्पर दिले, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. त्यांनी आणखी एक गोष्ट दिली, ती पावतीवर नोंदली गेली नाही. ब्राह्मण कुटुंबात काका, मामा, शेजारी हे जे ज्ञान जेवणाच्या पानावर देत होते, कोणती परीक्षा, कोणता विषय, कोणाला भेटायचे, अर्ज कधी भरायचा, ते ज्ञान वसतिगृहाने बिनघरच्या मुलाला दिले.

५

शिष्यवृत्तीने मुलगा महाविद्यालयात आला. पण शिष्यवृत्तीच्या नियमांतही विषयाचा एक फास आहे. शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण केल्यावर त्याच टप्प्याचा दुसऱ्या शाखेतील अभ्यासक्रम घेतला तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम.ला बसलात, तर ती बंद. सरकारच्या दृष्टीने यात तर्क आहे. एकाच माणसावर दोनदा खर्च नको. परंतु याचा व्यवहारातला अर्थ काय? ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला अठराव्या वर्षी चुकण्याची मुभा आहे. त्याने विज्ञान घ्यावे, सोडावे, वाणिज्य घ्यावे, परदेशी जावे. आमच्या मुलाने जूनमधल्या एका दुपारी, रांगेत उभे राहून, कोणाच्या तरी पेनाने जो रकाना भरला तो कायमचा. निवडीची किंमत इतकी जबर असेल तर तिच्याआधीचा सल्ला तितकाच भक्कम असायला हवा होता. तो होता का?

माझा अनुभव सांगतो, कारण तो माझ्या एकट्याचा नाही. बारावीनंतर मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात अर्ज घेऊन गेलो. वडील सोबत होते, टोपी हातात धरून. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज चाळला, जातीच्या रकान्यावर बोट थांबवले आणि वडिलांना म्हणाला, "आर्टला टाका पोराला. स्कॉलरशिप कुठंही मिळती. उगा डोक्याला ताप कशाला?" वडील म्हणाले, "साहेब म्हणतील तसं." विषयांचे तीन रकाने त्यानेच भरले: मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. मी सही केली. त्या माणसाच्या बोलण्यात शिवी नव्हती, राग नव्हता. उलट एक प्रकारचा कनवाळूपणा होता. धारवाडच्या अर्जाला नकार मिळाला. माझ्या अर्जाला होकार मिळाला आणि त्या होकारातच वाटणी पुरी झाली. इतिहास हा माझ्या वाट्याला आलेला विषय आहे. त्याच्यावर माझे प्रेम बसले ते पुढे, वसतिगृहातल्या एका थोरल्या मुलाने, आम्ही त्याला अण्णा म्हणत असू, बाबासाहेबांचे खंड हाती ठेवल्यावर. पण माझ्या प्रेमाने त्या खिडकीचा व्यवहार न्याय्य ठरत नाही.

कोणी म्हणेल, कला शाखा काय कमी आहे? मुळीच नाही. दलित साहित्याची चळवळ याच शाखेच्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून उभी राहिली. आमच्या मुलांनी मराठी, इतिहास, समाजशास्त्र जरूर शिकावे. आपला इतिहास दुसऱ्याने लिहावा असे दिवस संपले पाहिजेत. आक्षेप एवढाच की ते त्यांनी निवडलेले असावे. प्रयोगशाळा नसलेल्या गावातल्या मुलाने कला घेतली, एसटी सकाळी सातलाच सुटते म्हणून मुलीने सकाळच्या प्रात्यक्षिकाचा विषय सोडला, इंग्रजीच्या भीतीने अर्थशास्त्र टाकले, तर याला निवड म्हणायचे का? मुलींच्या बाबतीत तर रकाना भरणाऱ्यांची संख्या आणखी वाढते: बाप, भाऊ, होऊ घातलेले सासर आणि एसटीचे वेळापत्रक.

६

आज हा जुना प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे अभ्यासक्रम, आणि प्रत्येकाचे श्रेयांक. हे श्रेयांक डिजिटल पेढीत जमा होतात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. बाहेर पडलेल्याला ठरावीक मुदतीत परत येण्याची सोय कागदावर आहे.

तत्त्व म्हणून पाहिले तर हे कोलंबियाच्या बाजूचे पाऊल आहे. एका मुलाने इतिहासाबरोबर अर्थशास्त्र आणि संगणक शिकावा, याला माझा विरोध का असेल? साठ अभ्यासक्रमांची यादी भिंतीवर लावणाऱ्या समाजाने निवडीला भिऊ नये. परंतु येथे निवड आली आणि सल्लागार आला नाही. माझ्यासारख्या शिक्षकाच्या नावापुढे मेंटॉर म्हणून मुलांची यादी चिकटवली जाते. त्या यादीला वेळ जोडलेला नसतो. अनेक ठिकाणी पदे रिकामी, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणारे. खुला ऐच्छिक विषय नावाला खुला. प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक शिल्लक आहे तो सर्वांना सक्तीचा. शहरातील मोठ्या महाविद्यालयात रकान्यापुढे वीस पर्याय, आमच्याकडे दोन. धोरण एकच, सर्वांना सारखे. हे वाक्य मागेही आले होते, मुंबई विद्यापीठाच्या भाषानियमाच्या वेळी.

आणि अर्ज भरतो कोण? तो आता महाविद्यालयात भरला जात नाही. तो नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रावर भरला जातो. संगणकावर बसलेल्या पोराला विषयाशी देणेघेणे नसते. रांग मोठी, सर्व्हर बंद पडण्याची धास्ती. तो विचारतो, "मायनर काय टाकू?" मुलगी शेजारच्या मैत्रिणीकडे बघते. मैत्रीण म्हणते, "माझं टाकलं तेच टाक." यादीतील पहिले नाव दाबले जाते. मग उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेला आधार जोडणी, शिष्यवृत्तीचा वेगळा अर्ज. या साऱ्या कागदांची चिंता इतकी मोठी की त्यात विषयाची चिंता करायला मुलाकडे ताकदच उरत नाही. पूर्वी कारकून निदान चेहरा पाहून बोलत होता. त्याला उलट विचारता येत होते. यंत्राला विचारता येत नाही.

सर्वात मोठा धोका मला वर्षागणिक बाहेर पडण्याच्या सोयीत दिसतो. पूर्वी पहिल्या वर्षानंतर मुलगा गळाला तर ती गळती होती. तिच्यावर प्रश्न विचारता येत होता: का गळाला, कोणामुळे गळाला? आता त्याला प्रमाणपत्र मिळेल आणि गळतीला 'निर्गमन' असे सन्माननीय नाव मिळेल. ऊसतोडीला गेलेल्या बापामागे घर सांभाळायला थांबलेली मुलगी पहिल्या वर्षानंतर बाहेर पडली, तर कागद म्हणेल, तिने पर्याय निवडला. ज्यांच्या घरी पैसा आणि सांगणारे आहेत ती मुले चौथ्या वर्षापर्यंत जाऊन संशोधनाकडे वळतील. ज्यांच्या घरी नाहीत ती पहिल्या-दुसऱ्या पायरीवर उतरतील. चार पायऱ्यांची ही शिडी पाहताना मला दुसरी एक चार पायऱ्यांची रचना आठवल्यावाचून राहत नाही. साम्य योगायोगाचे असेल. परिणाम योगायोगाचे राहणार नाहीत, जर आपण हातावर हात ठेवून बसलो.

७

मग करायचे काय? शासनाकडे मागणी केलीच पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयात प्रवेशाच्या काळात पूर्ण वेळ, प्रशिक्षित, विद्यार्थ्यांच्या भाषेत बोलणारा सल्लागार असावा. शिक्षकाच्या कार्यभारात सल्ल्याचे तास धरले जावेत. पहिल्या सत्रानंतर विषय बदलण्याची मुभा शिष्यवृत्तीला धक्का न लागता मिळावी. आणि कोणत्या सामाजिक गटातील किती मुले कोणत्या वर्षी बाहेर पडली याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. १९२७ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात आकडे मांडले तेव्हा समोरच्यांना मान खाली घालावी लागली. आकडे लपवले की मान ताठ राहते.

पण सगळे शासनावर टाकून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. आपल्यातील एक वर्ग शिकला, नोकरीला लागला, शहरात स्थिरावला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांबद्दल जी वेदना बोलून दाखवली ती आपल्याला पाठ आहे. आपण ती दुसऱ्यांना ऐकवतो. आपल्यापैकी किती जण जूनमध्ये आपल्या गावच्या महाविद्यालयाच्या खिडकीपाशी एक दिवस उभे राहतात? अभियंता झालेल्या मुलाने गावातील बारावीच्या पाच मुलांना गणित घेतल्यावर काय होते ते सांगावे. नर्स झालेल्या मुलीने विज्ञानाची भीती काढावी. बँकेत असलेल्याने वाणिज्य म्हणजे काय ते समजावावे. प्रत्येक वस्तीच्या विहारात मे आणि जून हे दोन महिने संध्याकाळी एक टेबल, एक कंदील आणि एक जाणता माणूस बसला, तर कोणत्याही पोर्टलपेक्षा ते जास्त कामाचे होईल. कंदील म्हणालो, कारण आमच्याकडे वीज अजूनही परीक्षा आणि प्रवेश यांच्या दिवसांतच जाते.

यंदा आमच्या महाविद्यालयात आम्ही तिघा शिक्षकांनी प्रवेशाआधी दहा दिवस वसतिगृहाच्या जेवणघरात असे टेबल मांडले. मोठे काही घडले नाही. बहुतेक मुले दाखल्यांचेच विचारायला आली. एक मुलगी मात्र विषयांची यादी घेऊन आली, प्रत्येक विषयापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलेली. तिने विचारले, "सर, संख्याशास्त्र म्हणजे नेमकं काय शिकवतात? ते घेतलं तर पुढं काय करता येतं?" आम्ही सांगितले. ती म्हणाली, "घरी विचारून उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या पेनाने रकाना भरला. संख्याशास्त्र शिकवायला आमच्याकडे पूर्ण वेळ शिक्षक नाही. तो मिळावा म्हणून प्राचार्यांकडे आणि संस्थेकडे आम्ही लेखी मागणी केली आहे, आणि मागणीखाली त्या मुलीची सही पहिली आहे.